खुर्च्यांवरून पारख

छोटूने अट घातली तेव्हा तो शुद्धीत होता, हे सगळ्यांनी नंतर एकमेकांना विचारून पक्कं करून घेतलं. गुरुवारी दुपारी, कारखान्यातल्या मोठ्या टेबलाशी, अर्ध्या कापलेल्या कापडावर हात ठेवून तो म्हणाला होता, "दारू सोडवायच्या केंद्रात मी जाईन. घरी राहून, काम सांभाळून, रोज जाऊन-येऊन. पण केंद्र तुम्ही निवडा, आणि आपल्या नियमाने निवडा. माझं मत होच धरून पाचही जणांची पसंती झाली तर सोमवारपासून जातो. एकानेही नाही म्हटलं तर विषय बंद."

चव्वेचाळीस वर्षांच्या, कानशिलावर पिकलेल्या माणसाला अख्खं घर छोटू म्हणत होतं, कारण तो शेंडेफळ होता आणि शेंडेफळाचं वय कुणी मोजत नाही. अक्कल मात्र त्याची छोटी नव्हती. आपला नियम काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, कारखाना काढला तेव्हापासून सोफा असो की साधी खुर्ची, घरातल्या पाचही जणांनी पाच-पाच मिनिटं बसून पाहिल्याशिवाय ती दाराबाहेर जात नसे. एकाने जरी मान हलवली तरी पुन्हा उसवायची. नाना गेले आणि त्यांच्या जागी धाकटी सून आली, पण पाचाचा आकडा टिकला. गिऱ्हाइकं ताटकळत, बोटं मोडत, आणि पुढच्या वेळी पुन्हा इथेच येत. पहिल्याच फेरीत पाचांचं एकमत झाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. एका दंतवैद्याचा सोफा अकरा दिवस कारखान्यातच फिरत राहिला होता, कारण दादाला तो मऊ वाटे आणि अक्काला कडक. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा छोटूचा बेत होता. जायला तयार झाल्याचं पुण्यही पदरात पडणार होतं आणि जावंही लागणार नव्हतं.

त्याला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्याच्या बायकोने आपल्या भावाला फोन केला होता. सगळे तिला धाकटी म्हणत. वीस वर्षं ती कारखान्यात कव्हरं शिवत होती आणि तिची शिवण कधी सरळ रेघ सोडून गेली नव्हती. त्याच संध्याकाळी शिलाई मशीनच्या खोलीत तिने मोठ्या नणंदेला, अक्काला, बाजूला घेतलं. "सोमवारी माझा भाऊ गाडी घेऊन येतोय," ती म्हणाली. "हे केंद्रात गेले तर त्याला जेवू घालून परत पाठवीन. नाही गेले तर मी आणि लेक त्याच्याबरोबर निघू. यांना सांगू नका, अक्का. भीतीने गेलेला माणूस भीती सरली की परत येतो."

अक्काच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची ख्याती. हा तीळ तिने दोन दिवस भिजवला, आणि त्यापायी तिला दोन दिवस धड जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दोन केंद्रं झाली. पहिल्या ठिकाणच्या चकचकीत साहेबांनी शंभर टक्के बरे करतो असं दोनदा सांगितलं, तेव्हा अक्का उठूनच उभी राहिली. जिन्यात तिने दादाला समजावलं, की शंभर टक्क्यांची हमी देणारा कारागीर आत चिंध्या भरतो. दुसऱ्या ठिकाणचा सोफा चांगला होता, पण त्याच्या पायांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. तीन वर्षं चालणाऱ्या केंद्राच्या सोफ्यावर कुणी बसलेलंच नाही, म्हटल्यावर आईनेच नाक मुरडलं. दोन्ही वेळा छोटू खाली गाडीत बसून होता आणि दोन्ही वेळा त्यांचे चेहरे बघून हळहळला. हळहळ बरी जमली होती.

शनिवारी, तिसऱ्या केंद्राचा जिना चढताना अक्काने मनाशी ठरवलं होतं, की हे केंद्र वाईट निघालं तरी चांगलंच म्हणायचं. तिसऱ्या पायरीवर तिने तो विचार टाकून दिला. सत्तावन्न वर्षांत खोट्या गादीला खरी म्हटलं नव्हतं, आता भावाच्या बाबतीत म्हटलं असतं तर तिला स्वतःचंच तोंड बघवलं नसतं.

खाली चष्म्याचं दुकान, वर केंद्र. लांबट दालन, भिंतीला पोपडे, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, पलीकडे गटाची खोली आणि एक छोटं ऑफिस. केंद्र चालवणाऱ्या समुपदेशक बाई चाळिशीच्या होत्या, त्यांच्या स्वेटरची कोपरं उसवलेली होती आणि त्यांना सगळे ताई म्हणत. अक्काने पर्समधून कागद काढला. तिने चौदा प्रश्न लिहून आणले होते आणि एकही गाळला नाही. डॉक्टर कधी येतात? रोज दुपारी दोनला. संध्याकाळचा गट आहे का? आहे, नोकरदारांसाठी सातला. तपासणी करता का? करतो, न सांगता. मध्येच कुणी प्यायला तर हाकलून देता का?

"नाही," ताई म्हणाल्या. "त्याच दिवशी या म्हणतो. लपवलं तर मात्र मला राग येतो."

आणि बरे किती होतात, या प्रश्नावर ताईंनी खिडकीबाहेर बघून मोजल्यासारखं केलं. मागच्या वर्षी आलेल्या दर दहांतले चार जण वर्षभर कोरडे राहिले. तिघे घसरले आणि परत आले. तिघांचं आपल्याला ठाऊक नाही. अक्काने कागदावर खूण केली आणि मग कागद पर्समध्ये टाकून दिला, कारण तिला खरी चौकशी आता करायची होती.

ती गटाच्या खोलीत शिरली आणि तिथल्या बारा खुर्च्यांपैकी पहिली तिने उलटी केली. मग दुसरी. ताई नुसत्या बघत राहिल्या. पळायच्या बेतात असलेला माणूस खुर्चीच्या टोकावर बसतो, म्हणून जिथे माणसं जबरीने येतात तिथे गादीचं पुढचं टोक आधी झिजतं. शाळेतल्या मुख्याध्यापकांसमोरची खुर्ची उलटी करून बघावी. इथल्या बाराही खुर्च्या मागच्या बाजूला दबल्या होत्या. पाठ टेकायच्या जागेचं कापड पार गुळगुळीत झालं होतं, आणि दोन्ही हातांवरचं पॉलिश गेलं होतं. इथे येणारे लोक टेकून बसत होते, आणि बराच वेळ बसत होते. धाकटी दारात उभी होती. अक्काने तिच्याकडे बघून मान डोलावली. धाकटीने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

दादाला मात्र तो ऐकूनच संशय आला. आजवर धाकटी नेहमी त्याच्या बाजूने बोलायची. छोटूला दूर कुठेतरी सहा महिने ठेवावं, फाटकाला कुलूप असावं, हे दोघांचं ठरलेलं होतं, आणि अक्का आणि आई विरुद्ध बाजूला. आता धाकटीने न सांगता पलीकडे उडी मारली होती. लाकडाचे सांगाडे बनवणाऱ्या माणसाला अचानक सुटलेला सांधा आवडत नाही.

त्याने ताईंना एक खोडसाळ प्रश्न विचारला. आमच्या शेजारचा छापखानावाला इथे येतो म्हणे? दादाने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी हा जिना उतरताना पाहिलं होतं. ताई म्हणाल्या, इथे कोण येतं ते मी सांगत नाही. दादा म्हणाला, मी बघितलंय त्याला. ताई म्हणाल्या, मग तुम्हाला माझी गरज नाही. दादाला हे आवडलं, आणि आवडलं म्हणून तो आणखी चिडला.

"तुमच्या दाराला कडीसुद्धा नाही," तो म्हणाला. "वाटेल तेव्हा उठून जाईल तो."

"जाईल की. संध्याकाळी घरीच तर जायचंय त्याला. म्हणून घरच्यांनाही यावं लागतं, दर बुधवारी. प्रत्येकाने बोलायचं." आणि त्यांनी हेही सांगितलं, की इथे सगळ्यांना घेता येत नाही. रोजची सवय एकदम तुटली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर आधी तपासतात, आणि काहींना चार दिवस रुग्णालयात ठेवून मग इथे आणतात.

दर बुधवारी बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हे दादाला लगेच कळलं. दीड वर्ष तो पहाटे उठून, छोटूने बिघडवलेलं काम उसवून पुन्हा नीट करून ठेवत होता. छोटूला वाटे आपलं काम अजून चालतंय. सहा महिने कुलपात ठेवला असता तर दादाला तेवढी झोप मिळाली असती, हे त्याने आतापर्यंत स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

एवढ्यात गटाच्या खोलीतून आईचा आवाज आला. तिला कुणीतरी उठवावं असं तिचं म्हणणं होतं.

आई ब्याऐंशीची होती आणि नियमाप्रमाणे एकेका खुर्चीवर बसून बघत होती. सातव्या खुर्चीचे खालचे पट्टे गेलेले होते. आई आत गेली ती गेलीच, गुडघे वर आणि पर्स पोटावर. दादाने आणि अक्काने दोन हातांनी ओढून तिला बाहेर काढलं. आई हसून हसून लाल झाली होती. ताईंना तेवढ्यात फोन आला म्हणून त्या ऑफिसात गेल्या, आणि तीच चूक झाली. या घरातल्या माणसांना बसकी खुर्ची आणि पाच मिनिटं एकत्र मिळाली की जे होतं तेच झालं. अक्काच्या पर्समध्ये खिळे उपसायचं हत्यार कायम असे. दादाने खुर्ची पालथी धरली, धाकटीने कापडाची शिवण हलकेच उकलली. ताई फोन ठेवून आल्या तेव्हा खुर्चीचा नुसता सांगाडा उरला होता. फोम टेबलावर होता आणि खिळे पाण्याच्या पेल्यात होते.

"बाराला गट आहे," ताई सावकाश म्हणाल्या. "बारा माणसं. बारा खुर्च्या."

सव्वाअकरा झाले होते. पट्ट्याचं भेंडोळं गाडीत होतं, आणि पट्टे ताणणारा माणूसही गाडीत होता. पट्टा किती ताणायचा हे हाताने कळत नाही, तो बोटाने टिचकी मारून ऐकावा लागतो, आणि घरात तो कान एकट्या छोटूला होता. दादा आणि अक्का ताणायला लागले असते तर पुढच्या शनिवारपर्यंत वाद चालला असता. आईने धाकटीला खाली पिटाळलं.

ती गेल्यावर आई खिडकीशी बसून राहिली. सगळे खूश दिसत होते. अक्का गुणगुणत होती, दादा नको नको म्हणत सांगाड्याचा सैल सांधा ठोकत होता. आईच्या मनात मात्र बुधवार बसला होता. प्रत्येकाने बोलायचं. नाना गेले तेव्हा तिने सगळ्यांना पोटाचा आजार सांगितला होता. डॉक्टरांनाही तोच शब्द वापरायला लावला होता. तेवीस वर्षं तिने ते पोटदुखीचं गाठोडं एकटीने सांभाळलं, आणि आता कोपरं उसवलेल्या स्वेटरातली एक मुलगी म्हणत होती की सोडा ते, सगळ्यांसमोर. पोरांच्या मनातले नाना मोडून पडतील, असं तिला वाटलं. जिवंत तिघांपेक्षा मेलेला एक जपणं सोपं असतं. आईने ठरवलं, की आपण नाही म्हणायचं.

छोटू वर आला तो पुदिन्याची गोळी चघळत. फक्त पट्टे मारतो आणि जातो, असं त्याने दारातच जाहीर केलं. तो जमिनीवर बसला, खुर्ची मांडीवर आडवी घेतली आणि पट्टा खेचला. पहिला खिळा बसला. दुसऱ्या पट्ट्याला हात थरथरला आणि पट्टा सुटून भिंतीवर आपटला. तिसऱ्यांदाही तेच. त्याने वर बघितलं नाही. दादा जिथे असेल तिथून आता पुढे येईल आणि हातातलं घेईल, याची तो वाट बघत होता. दादा जागेवरून हलला नाही. हलू नये म्हणून अक्काने त्याच्या शर्टाची मागची बाजू धरून ठेवली होती.

गटातली माणसं लवकर यायला लागली होती. त्यांतला एक दांडगा बसचालक छोटूसमोर उकिडवा बसला, न विचारता त्याने पट्ट्याचं दुसरं टोक मुठीत धरलं आणि हळूच, फक्त छोटूला ऐकू जाईल असं विचारलं, "सकाळची कितीला?"

छोटूने खोटं बोलायला तोंड उघडलं. पण समोरचा माणूस अनोळखी होता आणि दोघांच्या मध्ये एक पट्टा ताणलेला होता.

"साडेसातला," तो म्हणाला.

"मग आज मी धरतो," बसचालक म्हणाला. "तू ठोक."

बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही की कुणी कपाळाला हात लावला नाही. छोटूने ठोकलं. टिचकी मारली, ऐकलं, अजून थोडं म्हणाला, बसचालकाने अजून थोडं ओढलं. सहा पट्टे उभे, पाच आडवे. मग धाकटीने वाकड्या सुईने कापड शिवलं, आणि पावणेबाराला खुर्ची सरळ उभी राहिली. गटातल्या सगळ्यांनी एकेकदा तिच्यावर बसून पाहिलं. एका शिक्षिकेने बाकीच्या अकरा खुर्च्यांचं काय, असं विचारलं, तेव्हा ताईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. छोटू हसला. दुपारच्या आत त्याला असं हसताना धाकटीने किती दिवसांत पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते सुई-दोरा आवरायला वाकून लपवलं.

बाराला गट आत गेला आणि दार लागलं. ताईंनी आपल्या एका सहकाऱ्याला गटात बसवलं आणि या पाच जणांना ऑफिसात घेतलं. ऑफिस इतकं लहान की दादाला फायलींच्या कपाटाला टेकून उभं राहावं लागलं.

छोटू जायला निघाला नव्हता, हे पहिल्यांदा अक्काच्या लक्षात आलं. तिने लगेच मतं घ्यायला सुरुवात केली, लोखंड तापलं होतं. आपली पसंती तिने सांगितली. धाकटीने सांगितली. दादाने भिंतीच्या पोपड्यांबद्दल एक टोमणा मारला, बुधवारी कारखाना दुपारीच बंद करावा लागेल अशी तक्रार केली आणि म्हणाला, ठीक आहे, पसंत. अक्का आणि दादाचं पहिल्या फेरीत एकमत झालं होतं. कुणीतरी तारीख लिहून ठेवायला हवी होती.

"माझी नाही," आई म्हणाली.

कुणाला ते पटकन समजलंच नाही. धाकटी मटकन खाली बसायला गेली आणि खुर्ची नव्हती म्हणून पुन्हा उभी राहिली. अक्काच्या ओठांवर सोमवारची गोष्ट येऊन थांबली होती, धाकटीने नजरेने तिला तिथेच अडवलं. आणि छोटू, ज्याची अट होती, ज्याला हेच हवं होतं, तो सुटला होता. एकाने नाही म्हटलं की विषय बंद. गाडीच्या सीटखाली उरलेली पाव बाटली त्याची वाट बघत होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला शाळेच्या सहलीला सगळे गेले आणि आपण मागे राहिलो तसं वाटलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"का गं, आई?" त्याने विचारलं.

आईने पर्सची कडी उघडली, लावली. "इथे घरच्यांना बोलावं लागतं," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

छोटू आईसमोर खाली बसला. खोलीत जागा नव्हती, त्याचे गुडघे टेबलाला लागले.

"मग मी आधी बोलतो," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगितलं, अकरा दिवस झाले, थेंब नाही. खोटं आहे. आज सकाळी साडेसातला घेतली."

"आणि साडेसहाला," धाकटी म्हणाली.

"तीही."

धाकटीच्या आवाजात राग नव्हता. मोजमाप चुकलं तर ती असंच सांगत असे, दोन बोटं कमी आहे म्हणून. दादा म्हणाला, आता निघालंच आहे तर त्यालाही एक सांगायचंय, आणि त्याने पहाटेचं सांगितलं. दंतवैद्याचा सोफा, ती लांब आरामखुर्ची, सगळं. छोटूने मान खाली घातली. मग वर बघून विचारलं, की त्या आरामखुर्चीचे पट्टेही तूच मारलेस का. दादा हो म्हणाला. "तरीच ती कुरकुरते," छोटू म्हणाला, आणि दादा इतका खदखदून हसला की कपाटावरच्या फायली घसरल्या.

त्या आवाजात आई काहीतरी बोलली. पुन्हा बोलावं लागलं तिला.

"नानांचं पोट कधीच दुखत नव्हतं," ती म्हणाली.

आईने डोळे मिटून घेतले होते, पोरांच्या मनातले नाना मोडताना बघायला नको म्हणून.

"मला माहीत होतं," अक्का म्हणाली. "मी सोळाची असताना बाटल्या मीच टाकून यायचे."

"तू?" दादा म्हणाला. "मला वाटलं मला एकट्यालाच माहिती. कापूस भरायच्या पोत्यात ठेवायचे ते."

"पोत्यात एक असायची," छोटू म्हणाला. "दुसरी स्प्रिंगांच्या खोक्यात. पहिला घोट मी तिथलाच घेतला."

आईने डोळे उघडले आणि तिघांकडे आळीपाळीने बघितलं. एकेका घरात चार-चार माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत तेवीस वर्षं काढतात, आणि ती गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते. ती आधी चिडली. मेल्यांनो, मला सांगायचंत तरी, असं म्हणाली. मग तिला हसू यायला लागलं. बसक्या खुर्चीत अडकली होती तेव्हा आलं होतं त्याहून मोठं, खांदे हलवणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं. अक्का हसली, धाकटी हसली, ताईंनी तोंडावर हात धरला. मोडायचे ते नाना मोडले नव्हते. उलट या अरुंद खोलीत ते कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा सगळ्यांना एकसारखे दिसत होते, लबाड, हुशार आणि आजारी. त्यांची आठवण येऊन अक्काला भरून आलं, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं.

"पसंत आहे," आई पदराने डोळे पुसत म्हणाली. "बुधवारी मीच आधी बोलणार. या दोघांना बोलू दिलं तर माझी पाळीच यायची नाही."

ताईंनी अर्ज पुढे केला. दोनला डॉक्टर येतील, त्यांना साडेसहाचं आणि साडेसातचं दोन्ही सांगायचं, आणि त्यांनी चार दिवस रुग्णालयात राहा म्हटलं तर राहायचं, असं त्या छोटूला समजावत होत्या. सोमवारची वाट बघू नका, आजच थांबा. छोटू ऐकत होता. सीटखालच्या पाव बाटलीचंही त्याने सांगून टाकलं, आणि दादा किल्ली घेऊन निघाला.

धाकटी दाराशी गेली, फोन कानाला लावला. तिला बाहेर जायचं होतं, पण कपाटाजवळून निघणारा दादा अजून वाटेत होता.

"मी बोलतेय," ती भावाला म्हणाली. "सोमवारी नको येऊस. गाडी नको आणूस. नाही, सगळं ठीक आहे. अरे, खरंच ठीक आहे."

तिने फोन ठेवला आणि वळली, तर छोटू तिच्याकडे बघत होता.

"सोमवारी तो कशाला येणार होता?" त्याने विचारलं.

अक्काने श्वास रोखला. आज या खोलीत सगळ्यांचं खरं बोलून झालं होतं, धाकटीचंच राहिलं होतं.

"आम्हा दोघींना न्यायला," ती म्हणाली.

तिच्याकडे बघतच छोटूने टेबलावरचं पेन चाचपून शोधलं आणि अर्ज जवळ ओढला. सही वाकडीतिकडी आली, शेवटचं अक्षर तर रेघेखाली घसरलं. त्याने ताईंना विचारलं, दुसरी करू का नीट. ताई म्हणाल्या, हीच राहू दे.